वही इतकी सुंदर, मग पेपरात आठवत का नाही?

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"नमस्कार मॅडम. माझी मुलगी यंदा दहावीला आहे, सेमी इंग्लिश. अभ्यास करत नाही असं अजिबात नाही, रात्री अकरा-अकरापर्यंत बसलेली असते, पण वाचलेलं लक्षातच राहत नाही. मागे इथे एका हॉलमध्ये पालकांसाठी सेमिनार होता, तिथे मुलांच्या बोटांचे ठसे घेतले, एक प्रश्नावली भरून घेतली आणि रिपोर्ट दिला की तुमची मुलगी व्हिज्युअल लर्नर आहे, तिला वाचून किंवा ऐकून कळणार नाही, चित्रातूनच शिकवा. त्यांचंच टॅबसकट व्हिडिओचं पॅकेज आहे, ३५ हजाराचं. तेव्हापासून ती युट्यूबवर बघून माइंड मॅप काढते, म्हणजे मध्ये विषय आणि भोवती फांद्यांवर मुद्दे. ब्रशपेन, हायलायटर, स्टिकी नोट्स, मागेल ते आणून दिलं. वही इतकी देखणी आहे की तिच्या मैत्रिणी फोटो काढून नेतात. आणि सहामाहीत सायन्स टूला ४० पैकी १९! तिचे पप्पा म्हणतात ही चित्रं काढत बसते, अभ्यास करतच नाही, सरळ पाठांतर करायला सांग. जाऊबाई म्हणतात पॅकेज घ्या. मी मध्ये अडकलेय. काय करू? – एक आई, सातारा"

ताई, आधी पैशाचं बोलून घेऊ, म्हणजे तुमचं निम्मं डोकं शांत होईल. पॅकेज घेऊ नका. बोटांच्या ठशांवरून पोरगी कशी शिकते हे कळतं याला शास्त्रीय आधार नाही, ठसे आधार कार्डाला ठीक आहेत. प्रश्नावलीची गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती बऱ्याच शाळांमधूनही फिरत असते म्हणून सांगते. न्यूझीलंडमध्ये नील फ्लेमिंग म्हणून शिक्षणक्षेत्रातले एक गृहस्थ होते, त्यांनी १९९२ च्या सुमारास व्हार्क नावाची मांडणी केली, म्हणजे कुणाला बघून शिकायला आवडतं, कुणाला ऐकून, कुणाला लिहून-वाचून आणि कुणाला हाताने करून. आवड म्हणून ठीकच आहे हो, कुणाला काय आवडावं यावर आपण कोण बोलणार. पण मला श्रीखंड आवडतं म्हणून ते मला पचतंच असं नाही ना. ज्याला बघून आवडतं त्याला चित्रांतून शिकवलं आणि ज्याला ऐकून आवडतं त्याला ऐकवलं की त्यांना खरंच जास्त येतं का, हे २००८ मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी (पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क) आधीचं सगळं संशोधन काढून तपासलं, आणि निष्कर्ष काय, तर मुलांची अशी वर्गवारी करून त्याप्रमाणे शिकवावं इतका पुरावाच सापडत नाही.

मला पैशापेक्षा त्या रिपोर्टचीच जास्त काळजी वाटते खरं सांगायचं तर. कारण एकदा पोरीच्या मनात बसलं की 'मी व्हिज्युअल आहे, मला वाचून कळत नाही' की ती धडा वाचायचंच सोडून देणार, आणि बोर्डाचा पेपर तर शब्दांतच येतो, प्रश्न वाचावाच लागतो आणि उत्तर वाक्यांतच लिहावं लागतं. तो कागद कपाटात खाली कुठेतरी टाकून द्या आणि तिच्यासमोर तो शब्द परत काढू नका.

आता तुम्ही आणि तिचे पप्पा यांच्यात जे चाललंय त्याबद्दल. दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहात (हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, माहितीय मला). चित्रांचा उपयोग होतो, भरपूर होतो, आणि तो फक्त तुमच्या मुलीला नाही तर सगळ्यांनाच होतो, अगदी जाऊबाईंच्या पोरांनासुद्धा. कॅनडात ॲलन पाइव्हिओ नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७० च्या आसपास मांडलं की एखादी गोष्ट शब्दांत आणि चित्रात अशी दोन्हीकडून डोक्यात गेली की ती परत सापडायला दोन वाटा तयार होतात, एक विसरली तर दुसरी असते. आणि २०१६ मध्ये कॅनडातल्याच वॉटरलू विद्यापीठातल्या लोकांनी एक साधा प्रयोग केला, माणसांना शब्द दिले, काहींचं चित्र काढायला सांगितलं आणि काही नुसते लिहायला, तर काढलेले शब्द जास्त आठवले, चित्र काढायला चारच सेकंद दिले तरी आठवले, आणि चित्रकला चांगली असायची काही गरज नव्हती. तेव्हा पप्पांचं 'चित्रं काढणं म्हणजे अभ्यास नाही' हे काही खरं नाही.

पण मग १९ का आले? तर तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, तुम्ही सहज लिहून गेलाय, 'युट्यूबवर बघून माइंड मॅप काढते'. बघून! तिथेच सगळं आहे. समोर पुस्तक उघडं, शेजारी मोबाईलवर कुणाची तरी तयार आकृती, त्यातलं बघून रंगीत अक्षरात उतरवायचं. यात हाताचं काम होतं, डोळ्यांचं होतं, आठवणीचं काम शून्य. तीन तास गेले, पान देखणं झालं, आणि आपल्याला सगळं येतंय असं मनापासून वाटलं, कारण समोर दिसत होतं ना.

यावरसुद्धा एक प्रयोग आहे आणि तो मी दिसेल त्या पालकाला ऐकवते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात कार्पिकी आणि ब्लंट या दोघांनी २०११ मध्ये कॉलेजच्या मुलांना विज्ञानाचा उतारा दिला. एका गटाने उतारा समोर ठेवून त्याचं संकल्पनाचित्र काढलं, छान फांद्या वगैरे काढून. दुसऱ्या गटाने उतारा वाचला, बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं, परत वाचला, परत आठवून लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. बरं गंमत म्हणजे परीक्षेत संकल्पनाचित्रच काढायला सांगितलं तरीसुद्धा तेच पुढे! आणि आधी मुलांना विचारलं होतं तेव्हा मुलांचा अंदाज बरोब्बर उलटा होता. म्हणजे आपल्याला काय येतंय याचा आपला स्वतःचा अंदाज किती फसवा असतो बघा.

तेव्हा सांगायचंय ते एवढंच, की चित्र काढायचं पण पुस्तक मिटून काढायचं. साच्यातून रांगोळी टाकली की दारात झकास दिसते, पण साचा शेजारणीला दिला की हातातून एक पाकळी येत नाही, तसं झालंय तिचं.

आता पुढचा भाग तिला वाचायला द्या, मी तिच्याशीच बोलते.

तर बाळा, तुझी वही मी पाहिलेली नाही पण मेहनत कळली. ती वाया गेली नाही, फक्त चुकीच्या वेळी झाली. ब्रशपेन ठेव बाजूला. दोन साधी पेनं घे, एक निळं, एक लाल, आणि मागच्या बाजूने कोरे असलेले कागद, जुनी प्रश्नपत्रिका, झेरॉक्स, काहीही चालेल. भारी वही घ्यायची नाही, भारी वही घेतली की ती खराब होईल म्हणून हात चुकायला घाबरतो, आणि इथे आपल्याला चुकायचंच आहे.

सायन्स टूमधलं मायटोसिस घेऊ, म्हणजे एका पेशीच्या दोन पेशी होतात ते, कारण माझी खात्री आहे की १९ मध्ये त्याचा वाटा असणार. धडा एकदा नीट वाच. वाच म्हणजे वाच, हायलायटर न घेता. मग पुस्तक मिटव, मोबाईल आईकडे दे, आणि कागदावर चार मोठे गोल काढ. खाली लिही प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज. गुणसूत्रं चारच काढ, सेहेचाळीस काढायला कुणी सांगितलेलं नाही. आता निळ्या पेनाने आठवेल ते भर. प्रोफेजमध्ये ते बारीक धागे आखूड आणि जाड व्हायला लागतात म्हणून तर दिसतात, प्रत्येकाचे दोन जुळे क्रोमॅटिड मध्ये चिकटलेले, सेंट्रिओल दोन टोकांकडे निघालेत, न्यूक्लिअसचं आवरण विरायला लागलंय. मेटाफेजला सगळी मधल्या रेषेवर शाळेच्या प्रार्थनेसारखी रांगेत. ॲनाफेजला मधला सेंट्रोमिअर दुभंगतो आणि जुळे वेगळे होऊन दोन टोकांना ओढले जातात, केळीच्या घडासारखे दिसतात ते हेच. टेलोफेज म्हणजे जवळजवळ प्रोफेजचं उलटं, धागे परत सैल, आवरण परत तयार, एकाच्या जागी दोन न्यूक्लिअस.

तुला हे सगळं पहिल्या फटक्यात येणार नाही. कुठेतरी अडशील. अडलीस की लगेच पुस्तकाकडे धावू नकोस, दोन-चार मिनिटं तशीच बस, डोकं खाजव, जे वाटतं ते काढून टाक. हाच सगळ्यात त्रासदायक भाग असतो आणि हाच अभ्यास असतो. मग पुस्तक उघड आणि जे राहिलं, जे चुकलं ते लाल पेनाने भर. उदाहरणार्थ तू मेटाफेजच्या गोलात न्यूक्लिअसचं आवरण तसंच ठेवलं असशील, खूप मुलं ठेवतात, कारण चित्र बघून उतरवताना एक रेष आहे की नाही याकडे लक्षच जात नाही. तिथे लाल फुली आली की ते आवरण परत कधी तू काढणार नाहीस.

आता त्या कागदाकडे बघ. निळं ते तुला येतं. लाल ते तुझं उद्याचं काम. उद्या परत नवा कागद, परत चार गोल, लाल कमी झालेलं दिसेल. मग दोन-तीन दिवस सोडून परत, मग आठवड्याने परत, आणि मग सराव परीक्षेच्या आधी. एका दिवशी पाच वेळा काढण्यात अर्थ नाही, मध्ये थोडं विसरायला वेळ द्यावा लागतो. अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या, त्यात हायलायटर मारणं आणि परत परत वाचणं तळाला गेलं आणि स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं हे दोन वर आले. तुझा कोरा कागद म्हणजे हे दोन्ही एकत्र.

पुढचं सायन्स वन. लेन्सचा धडा. कॉन्व्हेक्स लेन्सचा तो सहा ओळींचा तक्ता आहे ना, वस्तू कुठे, प्रतिमा कुठे, केवढी, उलटी की सुलटी, तो पाठ करणाऱ्या मुलांची मला खरंच दया येते, कारण तो पाठ करायचाच नाहीये!! एक आडवी रेष मार, मध्ये भिंग, दोन्ही बाजूंना एफ (म्हणजे नाभी) आणि त्याच्या दुप्पट अंतरावर टू एफ. दोनच किरण लक्षात ठेव. एक अक्षाला समांतर येतो आणि भिंगातून गेल्यावर पलीकडच्या एफमधून जातो, दुसरा भिंगाच्या मध्यातून जातो आणि वळतच नाही. दोघं भेटतात तिथे प्रतिमा. झालं. आता वस्तू टू एफच्या पलीकडून हळूहळू भिंगाकडे सरकव, प्रत्येक जागी दोन रेषा मार आणि काय होतंय बघ. वस्तू लांब तेव्हा प्रतिमा लहान, उलटी, एफ आणि टू एफच्या मध्ये. वस्तू टू एफवर आली की प्रतिमाही पलीकडच्या टू एफवर, तेवढ्याच आकाराची. अजून जवळ आली की प्रतिमा लांब पळते आणि मोठी होते. वस्तू बरोबर एफवर आली की दोन्ही किरण समांतर, भेटणारच नाहीत, म्हणून पुस्तकात अनंत अंतर लिहिलंय. आणि एफच्याही आत आली की किरण पांगतात, त्यांना मागे वाढवावं लागतं, मग प्रतिमा त्याच बाजूला, सुलटी आणि मोठी, म्हणजे आजोबांचं पेपर वाचायचं भिंग. घरात तसं भिंग असेल तर पेपरवर धरून हळूहळू वर उचलत ने, एका जागी अक्षरं धूसर होऊन पार विस्कटतील आणि त्यापुढे उलटी दिसायला लागतील. सहाच्या सहा ओळी तुझ्या हातात आहेत, पाठ काय करतेस.

इथे चित्र म्हणजे आठवण ठेवायची युक्ती नाही राहिली, चित्रानेच उत्तर काढलं. विद्युतमंडलांचंही असंच, भूमितीचं तर काय बोलायलाच नको, आकृती काढल्याशिवाय प्रमेय वाचायला घेणं हा मला गुन्हा वाटतो.

भूगोल. दहावीला भारत आणि ब्राझील, आणि नकाशा भरायचा प्रश्न ठरलेला. पण तू नकाशा फक्त नकाशाच्या मार्कांसाठी काढत असशील तर तिथे चुकतंय. ब्राझीलचा ढोबळ आकार काढ, वाकडातिकडा चालेल. वरून विषुववृत्ताची रेष, खाली साओ पावलोजवळून मकरवृत्त. वर ॲमेझॉनचं खोरं, पूर्व किनाऱ्याला लागून उच्चभूमीची ती कडा, पुस्तकात अजस्र कडा म्हणतात ती. आता अटलांटिककडून येणाऱ्या वाऱ्यांचे बाण काढ. वारे बाष्प घेऊन येतात, कडा अडवते, किनाऱ्याच्या बाजूला पाऊस पडतो आणि मागे ईशान्येला पर्जन्यछायेचा प्रदेश राहतो, तोच अवर्षण चतुष्कोन. बाणांच्या या एका चित्रात प्राकृतिक रचना, हवामान, आणि लोक किनाऱ्याकडेच का दाटीने राहतात याचा बराचसा भाग येऊन गेला, म्हणजे तीन धड्यांतली 'भौगोलिक कारणे लिहा' सुटली. आणि तू तर साताऱ्याची आहेस! महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात दहिवडीकडे गेलं की ५०० च्या आसपास. तिथे कडा, इथे सह्याद्री. तिथला अवर्षण चतुष्कोन, इथला माणदेश. शेजारी शेजारी दोन छोटी चित्रं काढ, परत विसरलीस तर मला पत्र लिही.

इतिहासात मात्र बाण उपयोगाला येत नाहीत फार, तिथे वेगळी गंमत करावी लागते. पहिलाच धडा, इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा, आणि त्यातली ती नावं, देकार्त, व्होल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको. सगळी पोरं यांची अदलाबदल करतात. यासाठी दोन हजार वर्षांपूर्वीपासूनची पद्धत आहे, ग्रीक-रोमन वक्ते लांबलचक भाषणं अशी लक्षात ठेवायचे, ओळखीच्या घरातून मनाने चालत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट ठेवत जायची. तुझंच घर घे. फाटकाशी देकार्त उभा आहे, येणाऱ्या प्रत्येकाला अडवून 'खरं कशावरून?' विचारतोय, पोस्टमनलासुद्धा आत सोडत नाहीये. अंगणात व्होल्टेअर, त्याला राजांच्या लढायांत रस नाही, तो भाजीवालीशी भाव, शेती, चालीरीती यावर गप्पा मारतोय. पायऱ्यांवर हेगेल, दोन शेजाऱ्यांचं भांडण लावून दिलंय, एक म्हणतो असं, दुसरा म्हणतो बरोबर उलटं, आणि त्यातून तिसरंच काहीतरी निघतं, त्याची द्वंद्ववादी पद्धत म्हणतात ती हीच. हॉलमध्ये रांके कपाट उघडून बसलाय, सातबारा, जुनी पत्रं, मूळ कागद दाखवा म्हणतोय, ऐकीव चालणार नाही. स्वयंपाकघरात मार्क्स, राबतं कोण आणि खातं कोण याचा हिशोब विचारतोय (आई खूश). आणि मागच्या परसात फुको कुदळ घेऊन उकरतोय, कारण त्याने आपल्या पद्धतीला ज्ञानाचं पुरातत्त्वच म्हटलं होतं. मध्ये ॲनल्स प्रणाली आणि स्त्रीवादी इतिहासलेखन राहिलंय, त्यांना तूच जागा दे. माझ्या चित्रापेक्षा तुझं स्वतःचं, आचरट, कुणाला सांगायला लाज वाटेल असं चित्र जास्त टिकतं. मग रात्री अंथरुणात पडल्या पडल्या डोळे मिटून फाटकापासून परसापर्यंत एक चक्कर. हे सगळ्या धड्यांना करायला जाऊ नकोस, घरात तेवढ्या खोल्या नसतात, जिथे नावं आणि क्रम आहे तिथेच.

बाकीचं भरभर सांगते. संस्कृतचे तक्ते असतील तर रिकामी चौकट काढून भरायची, तिथे रंगबिंग काही नको. व्याख्या आणि नियम शब्दशः लागतात, ते लिहूनच होतात, न्यूटनच्या नियमाला ढगाचं चित्र काढून काही मिळत नाही. केमिस्ट्रीच्या अभिक्रियांसाठी छोटी कार्डं कर, पुढे अर्धी अभिक्रिया, मागे पूर्ण, बुटाच्या खोक्यात तीन कप्पे कर, आलं की कार्ड मागच्या कप्प्यात, नाही आलं की परत पहिल्यात, पहिला कप्पा रोज, मागचे उशिराने. आणि मराठीच्या कृतिपत्रिकेत आकृती पूर्ण करा असतंच, इतिहासातही संकल्पनाचित्र पूर्ण करा असतं, म्हणजे बोर्डालाच तुझी पद्धत मान्य आहे असं पप्पांना सांगू शकतेस.

माइंड मॅप सोडायला सांगत नाहीये मी. काढ, पण आधी आठवून निळ्याने, मग लालने दुरुस्त, आणि तीन-चार वेळा करून लाल जवळपास संपलं की मग, रविवारी दुपारी, हौस म्हणून ब्रशपेनने एक फायनल पान कर. ते बक्षीस. एका फांदीवर एक-दोन शब्द, अख्खं वाक्य नाही, आणि कोपऱ्यात फुलं, पांडा, स्माइली नकोत, कारण पेपरात पांडा आठवतो आणि मुद्दा आठवत नाही. रंग वापरायचाच तर त्याला काम दे, शुद्ध रक्त लाल, अशुद्ध निळं, अशा ठिकाणी रंग बोलतो. आणि अधूनमधून आकृत्या साध्या पेन्सिलीने, नावं देऊन, घड्याळ लावून काढ, कारण बोर्डाच्या हॉलमध्ये तुझ्याकडे पेन्सिल, रबर आणि एक पेन एवढंच असणार आहे, तिथे पेस्टल शेड्स कोणी बघत नाही.

व्हिडिओ बघायचे तर फुकटचे ढीगभर चांगले आहेत, पण एक धडा, एक व्हिडिओ, आणि तो संपला की कोरा कागद. कागद नाही तर व्हिडिओ म्हणजे नुसती करमणूक, सिरियलसारखी.

ताई, आता परत तुमच्याशी. तुम्हाला सायन्स येत नाही म्हणून मदत करता येत नाही असं तुम्ही लिहिलंय. उलट बरंय. तुम्हाला येत असतं तर तुम्ही मध्येच सांगितलं असतं. रात्री भांडी झाली की तिचा तो निळा-लाल कागद हातात घ्या, तिला समोर बसवा आणि बोट ठेवून विचारा, हा बाण कुठं चाललाय? हे इथून तिथं का गेलं? मग काय झालं? एवढेच तीन प्रश्न. तिला नीट सांगता आलं आणि तुम्हाला कळलं तर तिला आलंय. तुम्हाला नाही कळलं तर बहुतेक तिलाच नाही कळलेलं, तुमचं डोकं कमी आहे असं समजू नका. आजी घरात असतील तर आजींना मार्क्स ऐकवायला सांगा, करमणूकही होईल.

तिच्या पप्पांना म्हणावं, पाठांतर पाहिजे म्हणताय ना, मग हे पाठांतरच आहे, फक्त घोकून नाही तर आठवून. आणि त्यांना एक काम द्या, रात्री अकरापर्यंत बसणं बंद करायचं. या पद्धतीने डोकं खरंच दमतं, एक धडा अर्धा-पाऊण तास झाला की बास, उठायचं, जेवायचं, झोपायचं. तीन तास रंगवण्यापेक्षा हे अवघड आहे, त्यामुळे पहिले काही दिवस ती कुरकुर करेल, 'मला काहीच येत नाहीये' म्हणून रडेलसुद्धा, कारण आधी सुंदर पान दिसायचं आणि आता लाल खुणांनी भरलेला चिठोरा दिसतो. त्या दिवसांत ओरडू नका आणि कुणाच्या मार्कांशी तुलना तर मुळीच नको. जाऊबाईंनाही हे सध्या सांगू नका, निकालानंतर सांगा.

सगळे विषय एकदम सुरू करू नका. सायन्स टूचा एक धडा आणि भूगोलाचा एक, पहिला आठवडा एवढंच. जमलं की वाढवा. लाल कमी होताना दिसलं की ती स्वतःच पुढचे धडे घेईल, मागे लागावं लागणार नाही. सेमिनारवाल्यांना बुकिंगचे काही पैसे दिले असतील तर लेखी मागा, फोनवर गोड बोलतील आणि महिने घालवतील.

आणि हो, पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की वर्गात फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून ती शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेते. ताई, व्हिज्युअल लर्नरचा रिपोर्ट हातात आहे आणि डोळे कुणी तपासलेच नाहीत! या शनिवारी आधी नंबर काढून घ्या, चष्मा लागला तर लगेच करा, आणि तोपर्यंत सरांना सांगून पुढच्या बाकावर बसवा.